चित्र दाखवा, पण ते कशावरून काढलं तेही सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात कोर्टं आता कशी हायटेक होतायत यावर अर्धं पान आलं होतं, ई-फायलिंग, व्हिडिओ कॉन्फरन्स, एआय, सगळं होतं त्यात. वाचून बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं, कारण ते छापून यायच्या दोनच दिवस आधी आमच्या कोर्टात एका पेनड्राइव्हपायी अख्खी दुपार गेली होती. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सत्तावीस वर्षं वकिली करते. जास्त करून दिवाणी कामं, बांधाची भांडणं, वाटप, वहिवाटीचा रस्ता, आणि अपघाताचे क्लेम. त्यामुळं मी जे लिहितेय ते हायकोर्टातल्या मोठ्या वकिलांच्या नजरेतून नाही, खालून लिहितेय, आणि पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा.

आधी हे सांगते की कोर्टात चित्र लागतं. लागतंच. आमच्याकडं दाव्यात चतुःसीमा लिहायची पद्धत आहे, पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस भाऊबंदाची जमीन. लिहिणाऱ्याला कळतं, गावातल्या पोरालाही कळतं, पण न्यायाधीश साहेब बदलून आलेले असतात विदर्भातनं नाहीतर कोकणातनं, त्यांनी ती जमीन कधी बघितलेली नसते. मग साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, हितनं असं वरल्या अंगाला गेलं की विहीर लागती, तिच्या खालतीकडनं बैलगाडी जायची." आणि हात करून दाखवतो. टायपिस्ट बिचारा काय लिहिणार? रेकॉर्डवर येतं, "साक्षीदार हाताने दाखवतो." कुठं दाखवतो, तर कोर्टाच्या भिंतीकडं, जिथं कॅलेंडर लटकलेलं आहे. पाच वर्षांनी अपील होतं, वरचे साहेब ती साक्ष वाचतात, आणि त्यांना त्या वाक्यातनं काय समजत असेल देव जाणे. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १८ रूल १८ आहे, न्यायाधीशांनी स्वतः जाऊन जागा बघावी म्हणून, पण माझ्या सत्तावीस वर्षांत असं मी दोनदाच बघितलं. ऑर्डर २६ खाली कोर्ट कमिशनर जातो, मोजणीदार जातो, पण तो येऊन परत शब्दातच रिपोर्ट लिहितो न् सोबत एक फिकट नकाशा जोडतो ज्यावरचे आकडे भिंग घेऊन वाचावे लागतात.

तर असाच एक रस्त्याचा दावा होता माझ्याकडं, अकरा वर्षं जुना. फाईल एवढी जाड की बांधायला दोन नाड्या. माझी ज्युनिअर मुलगी हुशार, तिनं मोजणीच्या 'क' प्रतीवरनं, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशावरनं, नकाशा मोठा केला, ए-थ्री कागदावर, आमचा गट पिवळा, समोरच्यांचा पांढराच ठेवला, विहीर निळी, ओढा निळा, आणि आम्ही म्हणतो तो रस्ता लाल तुटक रेघेनं. बास, एवढंच. पण एक गोष्ट तिनं फार चांगली केली, प्रत्येक खुणेशेजारी बारीक अक्षरात निशाणी नंबर, म्हणजे कोर्टात दाखल कागदाला मिळतो तो क्रमांक, लिहिला. विहीर कशावरून, निशाणी ३८ वरून. ओढा कशावरून, गाव नकाशावरून. लाल रेघ कशावरून, वादीच्या साक्षीवरून, म्हणजे ती आमची बाजू आहे, शाबित झालेली गोष्ट नाही, हे तिनं स्वतःच कागदावर लिहून टाकलं. युक्तिवादाच्या दिवशी कागद पुढं केला तर समोरचे वकील लगेच उठले, "हा पुरावा नाही, याला निशाणी देऊ नये." मी म्हटलं देऊच नका, हा पुरावा नाहीच, मला बोलताना बोट ठेवायला जागा पाहिजे म्हणून आणलाय. मग त्यांनी काय केलं, स्वतःची पेन्सिल काढली आणि त्याच कागदावर त्यांच्या म्हणण्याप्रमाणं रस्ता कुठनं जातो ते आखलं. खरं सांगते, चाळीस मिनिटात दोन्हीकडचा युक्तिवाद संपला.

आणि मग साहेबांनी कागदाकडं बघत एक प्रश्न विचारला जो अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता, अगदी मीसुद्धा नाही. "ही लाल रेघ ओढ्यावरून जाते. ओढ्यावर पूल कधी झाला?" झालं. वहिवाटीनं रस्त्याचा हक्क मिळवायचा तर १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणं वीस वर्षांचा अखंड वापर दाखवावा लागतो, आणि तो छोटा पूल ग्रामपंचायतीनं बांधला त्याला दावा घातला तेव्हा वीस वर्षं झालेलीच नव्हती. त्याआधी माणसं कुठनं जायची? पावसाळ्यात ओढ्यातनं गाडी जात नसणार. म्हणजे आमच्याच नकाशानं आमचीच पंचाईत केली! शब्दांच्या गठ्ठ्यात ती गोष्ट अकरा वर्षं लपून बसली होती आणि रंगीत कागदावर एका मिनिटात दिसली. पुढं तडजोड झाली, समोरच्यांनी बांधालगत आठ फूट दिलं, दोघंही जरा नाराज आहेत पण शेतात जातायत. मला त्या दिवसापासनं पटलं की चित्राचा उपयोग नुसता आपली बाजू पटवायला नाही, काय झालं होतं ते सगळ्यांना एकदम दिसायला आहे, आणि ते कधीकधी आपल्यालाच महागात पडतं.

आता दुसरी गोष्ट, ती सांगायला लाज वाटते पण सांगते. अपघाताचा क्लेम, मोटारसायकलवरचा कर्ता माणूस गेलेला, बायको आणि दोन लहान पोरं माझे अशील. माझ्या ऑफिसात एक नवा पोरगा आला होता, कॉम्प्युटरमधला किडा. त्यानं रात्र-रात्र जागून चाळीस सेकंदाची थ्रीडी अॅनिमेशन फिल्म केली, ट्रक येतोय, ओव्हरटेक करतोय, मोटारसायकल बिचारी डाव्या बाजूनं नीट चाललीय, आणि मग धाडकन. मी आदल्या रात्री बघितली आणि भारावून गेले, खोटं कशाला बोलू. कोर्टात लॅपटॉपवर दाखवली, मागच्या बाकावरची माणसं उठून पुढं आली बघायला. विमा कंपनीचे वकील जुने, शांत माणूस. त्यांनी फिल्म संपेपर्यंत काही म्हटलं नाही. मग विचारलं, ट्रकचा वेग किती धरलाय? पोरगा म्हणाला साठ. कशावरून? गप्प. पंचनाम्यात ट्रक रस्त्याच्या डाव्या कडेला उभा सापडला, तुमच्या पिक्चरमध्ये तो मधोमध का? गप्प. फिर्यादीत लिहिलंय पाऊस भुरभुरत होता, तुमच्याकडं तर ऊन पडलंय. कोर्टात हसू फुटलं, आणि ती बाई, माझी अशील, ती शेवटच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होती.

क्लेम ट्रिब्युनलमध्ये पुराव्याचे नियम फौजदारी खटल्याएवढे कडक नसतात, त्यामुळं केस काही बुडली नाही, भरपाई मिळाली. पण आमच्याकडं खरी भक्कम गोष्ट होती ती म्हणजे पंचनाम्यातल्या ब्रेकच्या खुणा, टेपनं मोजलेल्या, पंचांच्या सह्या असलेल्या. त्या खुणांवर मी बोलायला लागले तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की आता ही बाई जे दाखवेल ते तपासूनच घ्यायचं. एका साध्या कागदावर रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणांची लांबी, ट्रक कुठं, गाडी कुठं पडली, एवढं स्केलनं काढलं असतं तर पुरलं असतं की. आम्ही सिनेमा केला.

या दोन अनुभवातनं मला जे कळलं ते असं, की कोर्टात चित्र दोन प्रकारचं असतं आणि ते दोन प्रकार एकमेकात मिसळले की घोटाळा होतो. एक पुराव्याचं चित्र, म्हणजे घटनेच्या वेळी कॅमेऱ्यानं टिपलेलं, किंवा सरकारी मोजणीदारानं जागेवर जाऊन काढलेलं. दुसरं समजावायचं चित्र, म्हणजे वकिलानं नंतर बसून केलेलं, तारखांचा तक्ता, वंशावळीचं झाड, रंगीत नकाशा, अॅनिमेशन. पहिलं शाबित करावं लागतं. दुसरं शाबित झालेल्या गोष्टींच्या पलीकडं एक इंचही जाता कामा नये. अमेरिकेत फेडरल कोर्टांच्या पुरावा नियमांमध्ये १ डिसेंबर २०२४ पासून खास यासाठीच एक नवा नियम आला, नियम १०७, की समजावण्यासाठी वापरलेली वस्तू हा पुरावा नाही आणि सगळ्यांची संमती किंवा कोर्टाचा तसा हुकूम असल्याशिवाय ती ज्युरीच्या खोलीत पाठवायची नाही. पण रेकॉर्डमध्ये मात्र जमेल तेव्हा ठेवायची, म्हणजे अपीलात कळेल काय दाखवलं होतं ते.

आणि आपल्याकडं? आपल्याकडं १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ८३ होतं, त्यात साफ लिहिलेलं होतं की सरकारी अधिकारानं केलेला नकाशा कोर्ट बरोबर आहे असं धरून चालेल, पण एखाद्या दाव्यासाठी म्हणून मुद्दाम काढलेला नकाशा मात्र बरोबर आहे हे शाबित करावं लागेल. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते ठेवलंय. दीडशे वर्षांपूर्वी, जेव्हा फोटोसुद्धा श्रीमंतांचे खेळ होते, तेव्हा कायदा करणाऱ्याला कळलेलं होतं की भांडण सुरू झाल्यावर काढलेल्या चित्रावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. आम्ही वकील लोक अॅनिमेशन आल्यावर ते विसरलो.

तिकडं वॉशिंग्टन राज्यातला एक खटला वाचला होता, सरकारी वकिलानं शेवटच्या भाषणात पॉवरपॉइंट लावला, त्यात आरोपीचा अटकेनंतरचा फोटो, तोंड सुजलेलं, केस विस्कटलेले, आणि त्या चेहऱ्यावर लाल अक्षरात 'दोषी' 'दोषी' 'दोषी' असं एकेक करून उमटत गेलं. २०१२ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली आणि खटला नव्यानं चालवा म्हटलं. आपल्याकडं ज्युरी नाही त्यामुळं कुणी म्हणेल न्यायाधीश काय अशा स्लाइडला भुलणार आहेत? मला नाही वाटत इतकं सोपं आहे. न्यायाधीशही माणूस आहे, दिवसाला साठ-सत्तर मॅटर बोर्डावर असतात, दुपारी चारला तुम्ही लाल रंगात काहीतरी दाखवलं तर ते डोक्यात राहतंच, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, येवो न येवो.

पुराव्याच्या चित्राबद्दल बोलायचं तर महाराष्ट्राइतके धडे दुसऱ्या राज्याला क्वचितच मिळाले असतील. साठच्या दशकात मुंबईत म्युनिसिपालिटीच्या क्लार्कला लाच देतानाचं बोलणं लपवलेल्या माईकवर टेप झालं, ती केस सुप्रीम कोर्टात गेली, टेप चालेल म्हणाले पण सोबत बजावलं की टेप पुसता येते, बदलता येते, तेव्हा कुणी कधी कुठं केली हे जाणकार साक्षीदारानं सांगायला पाहिजे आणि आवाज ओळखला गेला पाहिजे. मग सिन्नरची २००४ ची निवडणूक, तिथली भाषणाची कॅसेट. ती निवडणूक आयोगाकडनं मिळवलेली होती तरी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं मानली नाही, कारण मूळ भाषणाचीच ती हुबेहूब नक्कल आहे असा पुरावा कुणी आणला नव्हता.

आणि सगळ्यात गाजलेली जालन्याची. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले, आणि भांडण कशावरून तर खोतकरांनी उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दिला का नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसात आत-बाहेर कॅमेरे होते, म्हणजे उत्तर कॅमेऱ्यात होतं! पण त्या रेकॉर्डिंगसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हे कुठल्या यंत्रातनं कसं काढलं याचा लेखी दाखला, ते मागून मागून अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, पुढं १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रमाणपत्र लागेलच, पण ज्यानं ते मिळवायचा सगळा प्रयत्न केला आणि ज्याच्या हातात ते नाही त्याच्याकडनं अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा करत नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदार होऊन बसले होते ते वेगळंच. एक घड्याळ आणि एक कॅमेरा, त्याचा निकाल लागायला जवळजवळ सहा वर्षं.

याच्या उलट कसाबचा खटला बघा. सीएसटीवरचे सीसीटीव्ही होते, आणि दोन प्रेस फोटोग्राफरांनी जीव धोक्यात घालून काढलेले फोटो होते. ते फोटो नुसते फाईलला लावले नाहीत, ते काढणारी माणसं साक्षीला उभी राहिली, आपण कुठं होतो, काय दिसलं, फोटो कसा काढला ते सांगितलं. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात त्या फोटोंना वजन आहे ते म्हणून. फोटोमागं माणूस उभा होता.

आता आमच्या त्या पेनड्राइव्हच्या दुपारकडं येते. मारामारीची केस, दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलेलं. पेनड्राइव्ह सीलबंद. उघडला, त्यातली फाईल डॉट डीएव्ही, म्हणजे डीव्हीआरची, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची, स्वतःची, तिला त्यांचाच प्लेअर लागतो. प्लेअर पेनड्राइव्हमध्येच दिलेला होता पण तो फक्त विंडोजवर चालणारा, आणि कोर्टाच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू नावाची दुसरीच सिस्टिम. चालेना. मग कुणी म्हणालं माझ्या लॅपटॉपवर लावू, तर बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली, आणि बरोबरच होती की हो, मुद्देमालातला पेनड्राइव्ह कुणाच्याही खासगी लॅपटॉपला लावायचा म्हणजे उद्या तुम्हीच म्हणाल फाईल बदलली. मग कॉपी करून लावा, तर कॉपीला प्रमाणपत्र कुठाय. पाच वाजले. पुढची तारीख. जखमी माणूस एसटीनं पंचेचाळीस किलोमीटर आला होता, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि त्याला मी काय सांगू, की डीएव्ही आणि उबुंटूचं जमलं नाही?

१ जुलै २०२४ पासून ६५-ब च्या जागी नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्यालाच जोडलाय, भाग अ देणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे सोप्या भाषेत फाईलचा अंगठा. फाईलमधलं एक टिंब जरी बदललं तरी अंगठा पार बदलतो. कल्पना उत्तम आहे, मला फार आवडली. पण भाग ब वर सही करणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावात कोण? मोबाईल रिपेअरवाला? कॉम्प्युटर क्लासचा सर? यावर आमच्या बार रूममध्ये रोज चहाबरोबर वाद होतो आणि रोज तिथंच संपतो. कॅमेरा ज्याचा, तो किराणा दुकानदार हॅश शब्द ऐकून घाबरतो, त्याला वाटतं आपल्यालाच आरोपी करतायत.

आणि त्याच्याही आधीचं दुखणं म्हणजे डीव्हीआर स्वतःच जुनं पुसून त्यावर नवीन लिहितो. हार्डडिस्क छोटी असेल तर दहा-पंधरा दिवसात खेळ खल्लास. माणूस दवाखान्यातनं घरी येऊन वकिलाकडं पोचेपर्यंत फुटेज गेलेलं असतं. वाराणसीच्या हॉटेलातल्या मृत्यूच्या केसमध्ये, ज्यात दोन इटालियन आरोपी होते, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हॉटेलचं सीसीटीव्ही फुटेज पुढं आणलं नाही यावरून सरकार पक्षाच्या विरुद्ध अनुमान काढलं आणि आरोपींना सोडलं. म्हणजे चित्र न दाखवण्याचाही अर्थ निघतो. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ खाली झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचंय, पोलीस ई-साक्ष्य अॅपवर ते करतात, हे चांगलंच आहे, फक्त केलेलं शूटिंग कोर्टात सगळ्यांना बघता आलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स योजनेचा तिसरा टप्पा २०२३ मध्ये मंजूर झाला, ७,२१० कोटींचा. त्यातले दोन हजार कोटींच्या वर नुसतं जुन्या कागदांच्या स्कॅनिंगला. माझा त्याला विरोध नाही, वाळवी लागलेले दप्तर मी बघितलेत. पण कागद आत घ्यायची सोय झाली तशी चित्र बाहेर दाखवायची सोय कुठं झाली? आमच्या कोर्टहॉलमध्ये न्यायाधीशांपुढं एक मॉनिटर आहे, तो त्यांनाच दिसतो. साक्षीदाराला फुटेज दाखवून "हा माणूस कोण" विचारायचं तर साक्षीदारानं डायसवर चढायचं का? आम्ही दोन्हीकडचे वकील साहेबांच्या खुर्चीमागं उभं राहून मान वाकडी करून बघतो, तेव्हा पिंजऱ्यात आरोपीला काहीच दिसत नाही, आणि खटला त्याचाच चाललाय.

मुंबईत आर्बिट्रेशनच्या, म्हणजे लवादाच्या, मोठ्या मॅटरमध्ये म्हणे दोन्ही बाजूंना स्क्रीन, टायमलाईनवाले कन्सल्टंट, कागद मागायच्या आत स्क्रीनवर. असू दे. २०२२ पासून सुप्रीम कोर्टातल्या घटनापीठाची कामं थेट दिसतात, पहिल्याच दिवशी, २७ सप्टेंबरला, आपल्या शिवसेनेच्या वादाची सुनावणी होती, आमच्या बार रूममध्ये मोबाईलभोवती गर्दी झाली होती. आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी वाचली, त्याचं समाधान शब्दात नाही सांगता येत. पण सामान्य माणसाची केस उभी राहते तालुक्यात. निशाणी पडते तालुक्यात. इथं चित्र नीट रेकॉर्डवर आलं नाही तर वर कितीही मोठी स्क्रीन लावा, तिच्यावर दाखवणार काय?

एआयबद्दल दोनच वाक्यं, कारण तुमच्या लेखात त्याचं फारच कौतुक होतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ला वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खोटे निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड बसला, आपल्याकडं २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं आयकराची एक असेसमेंट ऑर्डर रद्द केली ज्यात अस्तित्वातच नसलेल्या निकालांचा आधार घेतला होता, आणि केरळ हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैत खालच्या कोर्टांसाठी एआयचं धोरणच काढलं. खोटा निकाल निदान शोधला की सापडत नाही म्हणून पकडला जातो, पण एआयनं केलेलं अपघाताचं 'फोटोसारखं' चित्र जर कुणी युक्तिवादात सरकवलं तर ते कशात शोधायचं? माझ्या त्या पोराला आता सिनेमा करायला रात्रभर जागावं लागणार नाही, पाच मिनिटं पुरतील. ऊन पाहिजे तर ऊन, पाऊस पाहिजे तर पाऊस.

मागणं फार नाही. प्रत्येक कोर्टहॉलमध्ये साक्षीदार, आरोपी, वकील आणि साहेब या सगळ्यांना दिसेल अशी एक स्क्रीन, आणि तिला जोडलेला कोर्टाचाच एक कॉम्प्युटर ज्यावर डीव्हीआरच्या नेहमीच्या फायली चालतात. भाग ब साठी तज्ज्ञ कोण हे जिल्ह्यागणिक यादी लावून सांगा, फी किती तेही सांगा. आणि हायकोर्टानं एक छोटा नियम करावा की युक्तिवादात जे चित्र दाखवाल त्यातली प्रत्येक रेघ कुठल्या निशाणीवरून आली ते त्यावरच लिहायचं, समोरच्याला आदल्या दिवशी प्रत द्यायची, आणि दाखवलेली प्रत फाईलमध्ये ठेवायची, पुरावा म्हणून नाही, काय दाखवलं याची नोंद म्हणून. याला एक रुपयासुद्धा लागत नाही. माझ्या ज्युनिअर मुलीनं हे बारीक पेनानं केलं होतं.

माझे समव्यवसायिक म्हणतील बाई नव्या गोष्टींना घाबरते. नाही हो. मीच आता प्रत्येक वाटपाच्या दाव्यात वंशावळ ए-थ्रीवर काढून नेते, मयत वारस करड्या रंगात, हयात काळ्या. साहेब लोकांना आवडतं, आणि समोरचे वकीलही हल्ली माझीच प्रत मागून घेतात. फक्त त्या चाळीस सेकंदांच्या फिल्मनंतर मी एक सवय लावून घेतलीय, कोर्टात न्यायच्या आधी ऑफिसात विमा कंपनीचे ते वकील समोर बसलेत असं समजून प्रत्येक रेघेवर बोट ठेवून विचारते, हे कशावरून?

कळावे,
आपली,
एक वकील, सांगली जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती, रोज त्याच कोर्टात उभं राहायचंय)

ता.क. त्या रस्त्याच्या नकाशाचा फोटो सोबत जोडणार होते, ज्युनिअर म्हणाली मॅडम त्यात गट नंबर आणि दोन्ही घरांची नावं दिसतायत. म्हणून नाही जोडला.